मुटका, तार आणि नळी

दिवाळीच्या फराळात सगळ्यात आधी हात लागतो तो अनारशाच्या तांदळाला आणि सगळ्यात शेवटी चकलीला. हा क्रम आईने लावून दिलेला, आणि तो बदलावा असं कारण मला अजून सापडलेलं नाही. अनारशाचं पीठ मुरायला आठवडा घेतं, म्हणून ते पहिलं. बेसनाचे लाडू टिकतात, म्हणून ते मध्ये कधीही. चकली दोन दिवसांत हवा धरते आणि डबाही तिचाच सगळ्यात आधी रिकामा होतो, म्हणून ती शेवटी.

मुंबईत या क्रमाला हवेचं आणखी एक कारण जोडलेलं आहे. पाऊस इथून माघारी जायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं, म्हणजे अख्खा फराळ ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे तेच १२ नोव्हेंबरला आलं. तीन आठवड्यांच्या फरकाने पोहे, गूळ, रवा, पीठ सगळ्यांच्या अंगातला ओलावा बदलतो, आणि वहीत लिहिलेलं वाटी-चमच्याचं प्रमाण एका वर्षी जमून पुढच्या वर्षी दगा देतं. आई प्रमाण सांगताना गुळमुळीत बोलते, पण परीक्षा सांगताना नाही. मुटका वळला का, तार आली का, नळी पडली का, हे तिचे प्रश्न नेमके असतात आणि हवा कशीही असली तरी तेच राहतात. पुढे आकडे दिले आहेत ते हाताशी सुरुवात असावी म्हणून. शेवटचा निकाल परीक्षेचा.

अनारशाला जुना, जाडसर तांदूळ घ्यायचा. नवा तांदूळ चिकट होतो आणि बासमती इथे वाया जातो. अर्धा किलो तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं. ऑक्टोबरात हे पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशीच त्याला वास यायला लागतो. किंचित आंबूस वास चालतो, तो हवाच असतो. तांदूळ हाताला बुळबुळीत लागला किंवा कुजका वास आला तर मात्र तो टाकून नव्याने भिजवायचा, धुऊन सुधारत नाही.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत अर्धा तास निथळत ठेवून जुन्या धोतरावर किंवा पंचावर पसरायचा, सावलीत. फ्लॅटमध्ये सावलीची मोकळी जागा म्हणजे दिवाणखान्याची फरशी. पंखा अगदी मंद ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी हात फिरवायचा, नाहीतर कडेचा तांदूळ सुकतो आणि मधला ओलाच राहतो. तीस-चाळीस मिनिटांत तळहाताला पाणी लागेनासं होतं. पण दाणा नखाने दाबला तर तो आतून ओलसर असून सहज चुरडला पाहिजे. इथेच उचलायचा. 'अजून थोडा सुकू दे' म्हणून दुपारची झोप काढली की पीठ कोरडं होतं, गूळ धरत नाही आणि पुढे काहीही केलं तरी अनारसा दडस होतो.

मिक्सरमध्ये थोडा थोडा तांदूळ दळायचा, कारण भांडं गरम झालं की पीठ वाळतं. मैद्याच्या चाळणीने चाळायचं. आता परीक्षा: पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर पीठ कोरडं आहे. फुटलाच नाही तर ओलं आहे, ताटात पसरून दहा मिनिटं ठेवायचं.

गूळ पिठाच्या वजनाइतका, किसून. तांदळाच्या वजनाइतका नव्हे. भिजलेल्या तांदळाचं पीठ वजनाला कोऱ्या तांदळापेक्षा बरंच जास्त भरतं, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. चिकीचा गूळ घ्यायचा नाही, साधा पिवळा कोल्हापुरी घ्यायचा. बोटाने दबण्याइतका मऊ असेल तर एक दशांश कमी. पाव किलो पिठाला एक चमचा तूप. सगळं मळून मोठे गोळे करून डब्यात घट्ट दाबून ठेवायचे. त्या दिवशी पीठ कोरडं आणि भुसभुशीत वाटतं, आणि हात आपोआप दुधाच्या भांड्याकडे जातो. तो आवरायचा. पिठातल्या ओलाव्यात गूळ हळूहळू विरघळतो आणि तीन-चार दिवसांत तोच गोळा सैल होतो. पहिल्या दिवशी घातलेलं दूध पाचव्या दिवशी कढईत हिशेब मागतं. उकाड्यात डबा तीन दिवस बाहेर आणि मग फ्रिजमध्ये, थंडी पडलेली असेल तर आठवडाभर बाहेरही राहतो.

चाळलेल्या पिठातलं दोन मुठी पीठ गूळ न घालता बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवायचं. हा आईचा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे आणि पाककृतींच्या पुस्तकांत तो क्वचितच दिसतो.

तळताना लहान कढई, तूप बेताचं, एका वेळी एकच अनारसा. लिंबाएवढा गोळा खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, जाळी आपोआप उमलते. बाहेर काढून चाळणीत उभा टेकवून ठेवायचा, आडवा ठेवला तर तूप आतच राहतं.

अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून विरघळायला लागला, तर लगेच पिठाला दोष द्यायचा नाही. आधी तूप बघायचं. वाटाण्याएवढी गोळी टाकली तर ती तळाशी जाऊन सावकाश वर आली पाहिजे. तळाशीच बसून राहिली तर तूप थंड आहे, आणि थंड तुपात बरं पीठसुद्धा हसतं. तूप ठीक असूनही पसरला तर गूळ किंवा ओलावा जास्त झालेला आहे. तेव्हा ते बाजूला काढलेलं पीठ उपयोगी पडतं: शंभर ग्रॅम गोळ्याला एक मोठा चमचा मिसळून रात्रभर ठेवायचं. लगेच तळलं तर फरक पडत नाही. उलट, जाळी न पडता अनारसा भाकरीच्या तुकड्यासारखा निघाला तर चार थेंब दूध किंवा पाव चमचा कुस्करलेलं पिकलं केळं पुरतं. केळ्याने पटकन पसरतो, म्हणून ते एका अनारशापुरत्या गोळ्यात मळून बघायचं, सगळ्या पिठात नाही.

बेसनाच्या लाडवांत तीनच गोष्टी बिघडतात. अर्धा किलो जाडसर लाडू-बेसन, अडीचशे ग्रॅम तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर. तूप आधी दोन तृतीयांशच घालायचं, भाजता भाजता बेसन स्वतःच तूप सोडायला लागतं आणि मग उरलेलं लागतं की नाही ते कळतं. मंद आचेवर पाऊण तास धरून चालायचं, घाई केली की रंग येतो पण कच्चट वास जात नाही. आच बंद केल्यावर, बेसन कडकडीत गरम असतानाच दोन मोठे चमचे दुधाचा हबका मारायचा. ते फसफसून वर येतं आणि कणी धरते. बारीक बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, त्यावर हाच इलाज. दूध सगळं आटेपर्यंत हलवायचं, नाहीतर लाडू टिकत नाहीत. साखर मात्र बेसन कोमट झाल्यावरच घालायची. गरमात घातली की ती वितळते, मिश्रण सैल होतं आणि वळलेले लाडू ताटात बसतात. बसलेल्या लाडवांचं मिश्रण पुन्हा मोडून त्यात दोन-तीन चमचे कोरडं भाजलेलं बेसन मिसळलं की काम होतं.

रव्याच्या लाडवात पाकाचा प्रश्न येतो. अर्ध्या किलो रव्याला तीनशे पंचाहत्तर ग्रॅम साखर आणि साखर बुडून वर बोटाचं अर्ध पेर येईल इतकं पाणी. एकतारी पाक म्हणजे थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली की एक तार न तुटता येते. थर्मामीटर लावलात तर तो साधारण १०५ अंशांच्या आसपास असतो. पाण्याचा अंश कमी होत जातो तसा पाकाचा उकळबिंदू चढतो, तार हे त्याचंच मोजमाप. थेंब आधी बशीत काढून क्षणभर निवू द्यायचा, कढईतल्या गरम पाकाची तार खोटी कमी दिसते, आणि बोटही भाजतं. दोन थेंब लिंबू पिळलं की पाक बाजूने साखर धरत नाही.

पाकात रवा घातला की मिश्रण पातळ दिसतं. ते तसंच दिसायला हवं. झाकून दोन-तीन तास ठेवायचं, अर्ध्या तासाने एकदा ढवळायचं, रवा पाक पितो. तीन तासांनीही वळत नसेल तर पाक कच्चा राहिला. कढई मंद आचेवर ठेवून पाच मिनिटं परतायचं आणि पुन्हा निवू द्यायचं. उलट दगड झाला असेल तर पाक पुढे गेला. कोमट दुधाचा हबका मारून झाकून ठेवायचं आणि वळायचं, पण त्या लाडवांना आठवड्याचं आयुष्य धरायचं नाही. ओलं खोबरं घातलेले रवा-नारळ लाडू तर मुंबईच्या हवेत तीन-चार दिवसांच्या पुढे बाहेर ठेवूच नयेत.

चिवड्याबद्दल थोडक्यात. पातळ पोहे ऊन दाखवून घ्यायचे असतात, आणि ज्यांच्या खिडकीला ऊन नाही त्यांनी ते मोठ्या कढईत अगदी मंद आचेवर तेलाशिवाय गरम करायचे, बोटांत धरून चुरले तर कुरकुरले पाहिजेत. आच वाढवली की आकसतात. फोडणीतल्या मिरच्या आणि कढीपत्ता पूर्ण कडक होईपर्यंत तळायचे. चिवडा मऊ पडण्याचं कारण दहापैकी आठ वेळा पोह्यांत नसून अर्धवट तळलेल्या मिरचीत असतं, तिच्यातलं पाणी दोन दिवसांत सगळ्या डब्यात फिरतं. मीठ आणि पिठीसाखर गॅस बंद केल्यावर. डबा पूर्ण निवल्यावरच भरायचा.

आता चकली, जिच्यासाठी एवढी मांडामांड.

भाजणीचं आमचं माप: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, मुगाची डाळ सव्वाशे ग्रॅम, धणे पन्नास ग्रॅम, जिरे पंचवीस. धणे-जिरे सोडून बाकी सगळं धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचं आणि मग प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर भाजायचा. वेगळा अशासाठी की तांदूळ फुलून हलका व्हायला जितका वेळ घेतो तितक्यात उडीद करपतो. उडदाची डाळ नुसती गरम होऊन वास सुटला की उतरवायची. तांदूळ-डाळीत गव्हासारखा चिवटपणा नाही. चकलीला धरून ठेवतात ते दोघे: उडदाचा चिकटपणा आणि उकडीत शिजलेला तांदळाचा स्टार्च. उडीद लाल भाजला की त्यातला एक गेला, मग चकली सोऱ्यातून पडतापडता तुटते आणि आपण पाण्याचा हिशेब करत बसतो.

गिरणीत भाजणी नेताना गव्हानंतर दळू नका असं सांगावं लागतं. दादर-परळकडच्या गिरण्या दिवाळीच्या आधी भाजणीची वेगळी वेळ ठेवतात, ती विचारून जावं. तरीही सुरुवातीची दोन मुठी वेगळी काढून थालीपिठाला वापरावी. दळण गरम येतं. घरी आणून लगेच झाकण लावलं तर डब्यात घाम धरतो आणि पिठाच्या गुठळ्या होतात, म्हणून कागदावर पसरून निववायचं. पीठ बोटांत किंचित रवाळ लागलं पाहिजे. मैद्यासारखं बारीक आलं तर चकली टणक होते.

अर्धा किलो भाजणीला चारशे ते साडेचारशे मिलिलिटर पाणी, पन्नास ग्रॅम तेल, दहा ग्रॅम मीठ, तितकंच तिखट, वीस ग्रॅम पांढरे तीळ, चमचाभर ओवा, हळद, हिंग. पाण्यात तेल, मीठ, तिखट, हिंग घालून खळखळ उकळी आणायची. गॅस बंद करून भाजणी घालायची, उलथन्याच्या टोकाने ढवळून घट्ट झाकण लावून अर्धा तास विसरायचं. पाणी नुसतं गरम असेल तर स्टार्च शिजत नाही आणि उकडीचा उपयोग उरत नाही. मग कोमट पाण्याचा हात लावत, एका सोऱ्यापुरतंच पीठ घेऊन मळायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटचा गोळा वाळलेला असतो. सोऱ्या पितळेचा असेल तर उत्तम. पायधुणीजवळ तांबाकाट्याच्या भांडीबाजारात अजून मिळतात, जड असतात पण चकती हलत नाही.

पहिली चकली एकटी तळायची आणि तिच्याकडून सगळं विचारून घ्यायचं. पाडताना तुटते, कडा फाटतात: पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. पडते छान पण काटा उठत नाही, वळसे एकमेकांत बसतात: पाणी जास्त, मूठभर कोरडी भाजणी मिसळायची. तेलात गेल्यावर विरघळते, तेलावर फेस येऊन चुरा तरंगतो: मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालं किंवा उकड कच्ची राहिली. यावर कोरडी भाजणी घालून भागत नाही. थोड्या तांदळाच्या पिठाची वेगळी उकड काढायची आणि ती गोळ्यात मळायची, एक भाग उकड आणि चार-पाच भाग पीठ. विरघळत नाही पण दाताखाली दगड: मोहन कमी, उरलेल्या पिठात एक-दोन चमचे कडकडीत तेल चोळून मळायचं. हे शेवटचं जपून करावं. जास्त झालेलं मोहन काढता येत नाही.

तेलही बघायचं. पिठाचा तुकडा टाकला की लगेच बुडबुडे यावेत आणि तो दोन-तीन सेकंदांत वर यावा. चकल्या सोडल्यावर आच मध्यम. मोठ्या आचेवर त्या तीन मिनिटांत सुंदर लाल होतात, संध्याकाळपर्यंत कुरकुरीतही राहतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, कारण आतलं पाणी गेलेलंच नसतं. खरी खूण रंगाची नाही, बुडबुड्यांची. सुरुवातीला कढई खळखळते, पाणी संपत येतं तसा आवाज बसतो, बुडबुडे विरळ होतात. तेव्हाच काढायची. निवल्यावर मोडून बघायची: आत पोकळ नळी दिसली की बाकीच्या बिनधास्त तळाव्यात. नळीऐवजी पिठाची भरीव रेघ दिसली तर आतून कच्ची आहे. मऊ पडलेल्या चकल्या मंद आचेवर, बेताच्या तापलेल्या तेलात पुन्हा एक-दोन मिनिटं सोडल्या तर सुधारतात. ओव्हन असेल तर १५० अंशांवर सात-आठ मिनिटं, तेल तरी कमी जातं.

करंजी तळताना वेगळा धोका असतो. कड नीट दाबली गेली नाही किंवा सारण ओलं राहिलं की ती तेलात फुटते, सारण जळतं आणि तेल काळं होतं. म्हणून त्याच तेलात तळायची असेल तर करंजीचा घाणा चकलीनंतरच. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही, आणि आमच्या ओट्यांच्या लांबीत तर तिच्या शेजारी पाण्याचं भांडं ठेवूच नये. तेलाने पेट घेतला तर आधी गॅस बंद, मग कढईवर मोठं झाकण किंवा परात. पाणी कधीच नाही, आणि कढई उचलून मोरीकडे न्यायचीही नाही. तळणीच्या वेळी पंखा बंद ठेवतात त्याचं कारण ज्योत हलते एवढंच नाही, तेल एका बाजूला थंड राहतं.

डबे भरताना तळाशी आणि वर साधा कोरा कागद, वर्तमानपत्र नको, शाई तेलात उतरते. रोज खायचा डबा वेगळा आणि साठ्याचा वेगळा. साठ्याचा डबा दिवसातून एकदाच उघडायचा, तोही पंखा बंद करून आणि कोरड्या हाताने. उरलेलं तळणीचं तेल निवलं की दुहेरी पंचातून गाळून घ्यायचं. करंजीचं सारण जळलेलं असेल तर ते ठेवूच नये. नुसत्या चकलीचं असेल तर आठवड्याच्या आत फोडणीला संपवायचं, पुन्हा तळणीला नाही, आणि नव्या तेलाच्या बरणीत तर अजिबात ओतायचं नाही.